तख्तीमागचा दवाखाना

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४चा जानेवारी आठवतो. शाळेच्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या त्या स्वारीचे दोन परिच्छेद असतात आणि इनायतखान सुभेदार किल्ल्यात दडून बसला, एवढे त्यातले हमखास लक्षात राहते. फ्रेंच प्रवासी बर्निये याने या स्वारीची जी हकीकत लिहून ठेवली, तिच्यात एक नोंद अशी आहे की जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. शहर लुटले जात असताना शिवाजी महाराजांनी कापुचिन पाद्री आंब्रोज याच्या घराला हात लावू दिला नाही. तसेच डचांच्या एका हिंदू दलालाचे घरही सोडून दिले. तो दलाल त्या वेळी हयातही नव्हता. जिवंतपणी तो मोठा दानधर्मी होता असे महाराजांना खात्रीने सांगण्यात आले, आणि तेवढ्यावर त्याचे घर वाचले.

बर्निये त्या दिवशी सुरतेत नव्हता. त्याने लिहिले ते ऐकीव आहे. पण ऐकीव गोष्टीलाही किंमत असते. एखाद्या मेलेल्या माणसाचे दान शहराबाहेरून चालून आलेल्या फौजेच्या कानापर्यंत पोहोचते, याचा अर्थ त्या शहरात कोण किती देतो याचा हिशेब लोकांच्या तोंडी होता. कोणाच्या तळघरात किती मोहरा आहेत हे जसे सुरतेला ठाऊक असे, तसेच कोणाचा हात सैल आहे हेही.

पुढच्या पानांतले लेख याच सैल हातांविषयी आहेत, पण एका मर्यादेत. मंदिरे, धर्मशाळा, पाणपोया, समूहलग्ने हे सगळे बाजूला ठेवून फक्त रुग्णालये घेतली आहेत. सुरतेत महावीर हॉस्पिटल आहे, अशक्ताश्रम आहे, रामपुऱ्यातले लोखात आहे, वराछात हिरे व्यापाऱ्यांनी उभारलेले डायमंड हॉस्पिटल आहे, कतारगामला किरण आहे. यांतली काही जुनी, काही काल-परवाची. काही जैनांच्या पैशातून उभी राहिली, काही मुसलमानांच्या, काही पाटीदारांच्या. त्यांच्या मागे पैसा कोणाचा, तो का आला, आल्यावर कुठे गेला आणि खाटेवरच्या माणसापर्यंत त्यातला किती पोहोचला, हा विषय.

मराठी वाचकाने हे का वाचावे, असा प्रश्न पडू शकतो. नंदुरबार किंवा नवापूरच्या माणसाला तो पडणार नाही. त्या भागात दुखणे हाताबाहेर गेले की मुंबई-पुण्याचे नाव मागाहून निघते. आधी सुरतेची गाडी पकडतात. ताप्ती खोऱ्यातला रेल्वेमार्ग भुसावळ, अमळनेर, नंदुरबार असा करत उधन्याला पोहोचतो, आणि त्याच मार्गाने गेली अनेक दशके खानदेशातली माणसे सुरतेच्या मागांवर कामाला गेली. लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत मराठी आणि अहिराणी रोज कानावर पडते. यंत्रमागावर हात गेलेला, छातीत कापसाची धूळ बसलेली, बाळंतपणाला अडलेली ही माणसे याच दवाखान्यांच्या रांगेत उभी असतात. तेव्हा सुरतेचे दान हा गुजराती शेटजींचा घरगुती मामला आहे असे समजून चालणार नाही. तो आपल्या माणसांच्या औषधपाण्याचा मामला आहे.

या शहरातले सर्वांत नामांकित जुने इस्पितळ माणसांचे नव्हतेच. ऑव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेत होता. १६९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सुरतेच्या पांजरपोळाची हकीकत आहे. म्हाताऱ्या गायी, लंगडे घोडे, शेळ्या, कुत्री यांची तिथे मरेपर्यंत निगा राखली जाई. इथपर्यंत वाचून कोणाचेही मन भरून यावे. पण पुढे तो सांगतो की ढेकूण-पिसवांसाठीही एक वेगळी सोय होती, आणि त्यांना रक्त मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तिथे निजवत. ऑव्हिंग्टनने तिखटमीठ लावले असेल. युरोपातल्या वाचकाला चकित करण्याची हौस त्या काळच्या सगळ्याच प्रवाशांना होती. तरी गोष्ट मनात रुतते, कारण त्या दयेच्या व्यवस्थेत गरीब माणसाची जागा रुग्णाची नव्हती, खाद्याची होती. दान किती झाले हे विचारून भागत नाही. कोणासाठी झाले आणि ते कोणाच्या अंगावर निघाले, हेही विचारावे लागते, हे मला ढेकणांच्या त्या खोलीने शिकवले.

पांजरपोळाचा खर्च चालायचा कसा, हे मात्र शिकण्यासारखे आहे. व्यापाऱ्यांचे महाजन मालाच्या खरेदी-विक्रीवर एक बारीकशी पट्टी बसवीत. तिला ‘लागा’ म्हणत. कापूस असो की धान्य, सौदा झाला की लागा निघाला. तो देणे ऐच्छिक होते असे म्हणायचे, पण महाजनाला नाही म्हणणाऱ्याचा धंदा चालणे कठीण. रक्कम इतकी लहान की कोणाला टोचत नसे, आणि इतकी नियमित की दाणावैरणीला कमी पडत नसे. एका मोठ्या दात्याच्या मर्जीवर काही अवलंबून नव्हते. आजच्या कित्येक रुग्णालयांच्या विश्वस्तांना असा एखादा लागा मिळाला तर ते रात्री सुखाने झोपतील.

माणसांच्या इस्पितळाला देणगी देण्याची चाल इंग्रजी अमलात रुळली. डग्लस हेन्स या अभ्यासकाने सुरतेच्या दानावर १९८७ साली एक निबंध लिहिला आणि १९९१ साली शहराच्या सार्वजनिक जीवनावर पुस्तक. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की सुरतेचा व्यापारी पूर्वी मोगल अधिकाऱ्याला नजराणा देत असे; इंग्रज आल्यावर तोच नजराणा शाळा, दवाखाना, दुष्काळनिधी या रूपांत जाऊ लागला. साहेबाला खूश करणारे दान एका हाताने आणि जातभाईंत आबरू राखणारे धर्मदान दुसऱ्या हाताने. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी धनिक कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सुरतेच्या इस्पितळाला पैसे दिले, ते याच काळातले. हेन्सचे सगळे मला पटत नाही. पदवीच्या आशेने दिलेल्या पैशातही बाईची सुखरूप सुटका होऊ शकते, आणि तिला दात्याच्या मनातले ठाऊक असण्याचे कारण नाही. पण आबरू हा सुरतेच्या दानाचा कणा आहे, हे त्याने बरोबर हेरले. आज साहेबाच्या जागी मंत्री आले, ‘रावबहादूर’च्या जागी व्यासपीठावरचा सत्कार आला. कणा तोच आहे.

त्या आबरूचे दृश्य रूप म्हणजे तख्ती, म्हणजे दात्याच्या नावाची संगमरवरी पाटी. सुरतेच्या कोणत्याही ट्रस्टच्या दवाखान्यात शिरा. दारापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत भिंती नावांनी भरलेल्या असतात. आपल्याकडचे सुशिक्षित लोक याला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. डायमंड हॉस्पिटलच्या नावातच मातुश्री रामूबा तेजाणी आणि मातुश्री शांताबा विडिया या दोन आया आहेत. मुलांनी कोट्यवधींची उलाढाल केल्यावर आईचे नाव दवाखान्याला द्यावे, यात दिखावा असेल तर असू दे, चांगल्या जागी आहे. माझी तक्रार वेगळी आहे. तख्ती इमारतीला लागते, खोलीला लागते, यंत्राला लागते. परिचारिकेच्या पगाराला तख्ती कशी लावणार?

याचा विचार करताना किरण हॉस्पिटलचे उदाहरण टाळता येत नाही, कारण त्या प्रमाणावर सुरतेत आधी काही झाले नव्हते. अमरेली-भावनगरकडचे पाटीदार शेतकरी दुष्काळाला कंटाळून सुरतेत आले, हिऱ्याच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर बसले आणि दोन पिढ्यांत जगातल्या दहांतले आठ-नऊ हिरे जिथे पैलू पाडून निघतात त्या धंद्याचे धनी झाले. गावाकडचे संबंध त्यांनी तोडले नाहीत. सौराष्ट्रातले बांध-बंधारे, समूहलग्ने, वसतिगृहे यांसाठी पैसा आणि माणसे गोळा करण्याची सवय त्यांना आधीपासून होती. जलसंधारणासाठी नाव झालेले आणि २०१४ साली पद्मश्री मिळालेले मथुरभाई सवाणी यांच्या पुढाकाराने समस्त पाटीदार आरोग्य ट्रस्टने सुमारे ५०० कोटी रुपये खर्चून साडेपाचशे खाटांचे रुग्णालय उभे केले. १७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. डॉक्टरांनी जेनेरिक औषधे लिहून द्यावीत यासाठी कायदेशीर तरतूद करू, ही घोषणा त्यांनी त्याच सभेत केली होती. वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी औषधांची बातमी मोठी झाली, रुग्णालयाची मागे पडली.

पाचशे कोटी रुपये एका समाजाने आपसांत गोळा करावेत, ही सोपी गोष्ट नव्हे. सरकारी निविदा, मंजुऱ्या आणि सुधारित अंदाजपत्रके यांच्या फेऱ्यात अडकलेली जिल्हा रुग्णालये ज्याने पाहिली आहेत त्याला यातले कर्तृत्व वेगळे सांगायला नको. पण अशा रुग्णालयाची खरी परीक्षा उद्घाटनानंतर सुरू होते, आणि ती दोन प्रश्नांची असते. समाजाच्या पैशातून उभ्या राहिलेल्या दारात समाजाबाहेरच्या माणसाला काय वागणूक मिळते? आणि पहिला उत्साह ओसरल्यावर रोजचा खर्च कोण उचलतो?

पहिल्या प्रश्नाला सुरतेच्या इतिहासात बऱ्यापैकी चांगले उत्तर आहे. यांतल्या बहुतेक रुग्णालयांचे विश्वस्तमंडळ एका ज्ञातीचे किंवा धर्माचे असले तरी बाह्यरुग्ण विभाग सगळ्यांचा असतो. दात्याची अट सगळ्या वेळी वाईटच असते असेही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या पैशातून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या विश्वस्तांची अट होती की तिथे शिकवणारे सगळे हिंदी असावेत. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली राबणाऱ्या हिंदी डॉक्टरांना त्या अटीने १९२६ साली स्वतःचे घर दिले. अट संकुचित की उदार हे ती कोणासाठी दार उघडते त्यावर ठरते. सुरतेत आज दार उघडायला हवे ते ओडिशा, उत्तर प्रदेश आणि खानदेशातून आलेल्या कामगारासाठी. त्याचे रेशनकार्ड एका गावचे, खोली दुसऱ्या गावची, आणि हमी देणारा जातभाई विश्वस्तमंडळात कोणी नाही.

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना विश्वस्त घसा खाकरतात. डायलिसिसच्या एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या घरात शुद्ध केलेले पाणी लागते. डायलिसिसचे यंत्र देणगीत मिळते. पाणी शुद्ध करणारी झिल्ली, वीज, तंत्रज्ञ आणि आठवड्यातून दोन-तीनदा येणारा तोच रुग्ण हे सगळे देणगीनंतरचे. प्राणवायू, निर्जंतुकीकरण, जैविक कचऱ्याची विल्हेवाट, रात्रपाळीचा भूलतज्ज्ञ, यांतल्या कशाचेही उद्घाटन होत नाही. गुजराती ट्रस्टांनी यावर काढलेली जुनी तोड म्हणजे ‘तिथी’. वडिलांच्या पुण्यतिथीला किंवा नातवाच्या वाढदिवसाला ठरावीक रक्कम कायम ठेव म्हणून द्यायची. तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी रुग्णांचे जेवण किंवा औषधे. कल्पना सुरेख आहे. तिच्यात दाता दरवर्षी आठवला जातो आणि ट्रस्टला वर्षभराचा अंदाज येतो. पण जुन्या काळी घेतलेल्या कायम तिथीचे व्याज आज चहालाही पुरत नाही, आणि मेलेल्या दात्याच्या वारसाकडे वाढीव रक्कम मागायला कोणी धजत नाही. मग ती तूट बिलात घातली जाते. खाटेचे भाडे थोडे वाढते, तपासण्या थोड्या वाढतात, आणि काही वर्षांनी धर्मादाय रुग्णालय आणि खासगी रुग्णालय यांतला फरक फक्त पाटीवर उरतो.

महाराष्ट्राने हे भोगले आहे. धर्मादाय म्हणून जमीन, करसवलत, वाढीव बांधकाम घेतलेली रुग्णालये गरिबाला दारातून परत पाठवू लागली, तेव्हा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ अअ या कलमाचा आधार घेऊन प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि २००६ साली योजना ठरली: १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. दानाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेला दान करायला न्यायालयाने सांगावे लागते, यापेक्षा मोठी नामुष्की कोणती? तरीही त्या निधीचा हिशेब आणि रिकाम्या खाटा यांवरून आजही वाद होतातच.

आता १९९४चा प्लेग. या पुस्तकातला सर्वांत मोठा लेख त्यावर आहे, म्हणून इथे थोडेच. ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची बातमी आली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने माणसे मरू लागली. वेड रोडच्या वस्तीतून सुरुवात झाली आणि काही दिवसांत लाखो लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. मृत्यू सुमारे पन्नास. भीती त्याच्या कित्येक पटींनी. टेट्रासायक्लिन दुकानांतून नाहीसे झाले. अनेक खासगी डॉक्टरांनी दवाखान्यांना कुलपे लावली. उभे राहिले ते सरकारी न्यू सिव्हिल हॉस्पिटल, आणि तिथले निवासी डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार.

इतक्या दानशूर शहराला प्लेग कसा गाठतो? गाठतो, कारण गटाराला तख्ती लागत नाही. १९९१ साली पंधरा लाखांच्या घरात असलेले हे शहर फुगत होते, प्लेगआधी आलेला पूर ओसरल्यावरचा चिखल आणि मेलेली जनावरे कोणी उचलत नव्हते, आणि धनिकांचे लक्ष खाटांवर होते. १९९५च्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांनी वातानुकूलित खोली सोडून सकाळी रस्त्यावर दिसावे, हा त्यांचा दंडक. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली. हे देणग्यांच्या जोरावर झाले नाही. महापालिकेने आपले काम नीट केले. दानाविषयीच्या पुस्तकाच्या आरंभीच हे सांगून टाकलेले बरे. शहराचे आरोग्य आधी महापालिकेचे काम आहे. दान त्याच्या पाठीमागून येते आणि तिथेच शोभते.

तख्ती न लागणारे दानही सुरतेत पुष्कळ आहे, आणि माझ्या मते या संग्रहातली सर्वांत वाचनीय पाने त्याविषयीची आहेत. रक्त हे पहिले. दक्षिण गुजरात आणि नंदुरबारच्या गामीत, वसावा, भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. या मुलांना आणि थॅलेसेमियाच्या मुलांना पुन्हा पुन्हा रक्त लागते. ते मागावर उभा असलेला कामगार देतो, घंटीवर बसणारा कारागीर देतो. त्याच्या बदल्यात त्याला एक बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळते. दुसरे दान अवयवांचे. नीलेश मांडलेवाला यांच्या ‘डोनेट लाइफ’ने मेंदूमृत रुग्णांच्या नातेवाईकांशी बोलण्याचे अवघड काम सुरतेत रुजवले. हृदय काढल्यापासून चारेक तासांत ते दुसऱ्या छातीत बसावे लागते. डिसेंबर २०१५ मध्ये सुरतेहून एक हृदय मुंबईला पोहोचवून बसवले गेले, आणि त्यानंतर रस्ते मोकळे करून विमानतळाकडे धावणारी रुग्णवाहिका सुरतकरांच्या ओळखीची झाली. मुलगा गेल्याच्या पहिल्या तासांत सही करणाऱ्या आईबापांत गिरणमालक असतात तसे रोजंदारीवरचेही असतात. इथे कोणाला कमी-जास्त देता येत नाही.

आणि अब्दुल मलबारी. त्यांचा एकता ट्रस्ट तीन दशके बेवारस प्रेतांना त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणे अखेरचा निरोप देत आला आहे. २०२०मध्ये कोविडने मेलेल्यांना नातेवाईक हात लावायला धजत नव्हते, तेव्हा रुग्णालयांतून फोन जायचा तो त्यांना. रुग्णालय चालवायला ही माणसेही लागतात, पण कोणत्याही ट्रस्टच्या अहवालात ती दाखवायला रकाना नसतो.

रुग्णालयाभोवतीची अशी गरज गाडगेबाबांनी फार लवकर ओळखली होती.  मुंबईत जेजे रुग्णालयाच्या आसपास पदपथावर निजणारे रुग्णांचे नातेवाईक पाहून बाबांनी त्यांच्यासाठी धर्मशाळा बांधली. एक खाट भरली की तिच्यामागे दोन-तीन माणसांची रोजी बुडते, जेवणाची आणि निजण्याची आबाळ होते, हे त्यांना दिसले. नंदुरबारहून सुरतेला आलेल्या माणसाला आजही डॉक्टर मिळतो. रात्र कुठे काढायची ते कळत नाही. मराठी वाचकाला सुरतेसाठी काही करावेसे वाटले तर हे एक काम रिकामे पडले आहे.

कंपनी कायद्याने २०१४पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, त्यावर एक कंटाळवाणा पण आवश्यक लेख शेवटी जोडला आहे. तो वगळून पुढे जाऊ नका. येत्या काळात रुग्णालयांचा पैसा तिथून येणार आहे आणि त्याला ज्ञाती नसेल, आबरूची भीतीही नसेल.

वाचकाला एक विनंती. सुरतेत असो वा आपल्या गावात, दानावर चालणाऱ्या रुग्णालयाला काही द्यायचे मनात आले तर आधी त्याचा वार्षिक हिशेब मागा आणि मोफत उपचारांवर किती खर्च झाला तो आकडा शोधा. तो सापडला आणि पटला, तर पावतीवर ‘इमारत निधी’ लिहू देऊ नका. ‘रुग्ण निधी’ लिहून घ्या.